कंट्रोल सॉफ्टवेअर क्रॅश होतं, प्रोसेसर तापतो: आधी पंख्यांचा ताबा बायोसकडे द्या

आर्मरी क्रेट, एमएसआय सेंटर, गिगाबाइट कंट्रोल सेंटर, कॉर्सेरचं आयक्यू, एनझेडएक्सटी कॅम. मदरबोर्ड, कूलर किंवा कॅबिनेट घेतलं की यांतलं एखादं सॉफ्टवेअर पीसीत येऊन बसतंच. दिवे, पंखे, तापमान, ओव्हरक्लॉकिंग, सगळं एकाच खिडकीत. आणि तक्रारही जोडीनेच येते: सॉफ्टवेअर मधूनच बंद पडतं आणि प्रोसेसर नव्वदीपार जाऊन गेम अडखळायला लागतो. मग कोणी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकत बसतो, कोणी प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहणारी पेस्ट बदलतो, कोणी थेट विंडोज फॉरमॅट मारतो. या दोन तक्रारींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे मात्र फार कमी जण तपासतात. तो संबंध अनेकदा अगदी थेट असतो.

मदरबोर्डवर सुपर आयओ नावाची एक छोटी चिप असते, बहुतेक वेळा नुव्होटॉन किंवा आयटीई कंपनीची. पंख्यांचा वेग तिच्या हातात असतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये, किती तापमानाला पंखा किती फिरवायचा हे ठरवून दिलेल्या आलेखाप्रमाणे ती स्वतःच पंखे कमी-जास्त करते, विंडोज चालू असो वा नसो. पण विंडोजमधल्या सॉफ्टवेअरने पंख्यांचा ताबा घेतला, की ते या चिपला ऑटोमॅटिकवरून मॅन्युअलवर आणतं आणि सतत नवा आकडा लिहीत राहतं. सॉफ्टवेअर रीतसर बंद केलं तर ताबा बायोसच्या आलेखाकडे परत जातो. ते क्रॅश झालं, तर अनेक बोर्डांवर शेवटी लिहिलेला आकडा तसाच राहतो. समजा, तुम्ही ब्राउझरमध्ये काही वाचत होता, पंखा ३० टक्क्यांवर होता आणि त्या क्षणी सॉफ्टवेअर मेलं. अर्ध्या तासाने तुम्ही गेम सुरू केला. प्रोसेसर ८०, ८५, ९५ अंशांवर जातो आणि पंखा मात्र ३० टक्क्यांवरच फिरत राहतो. पीसी रीस्टार्ट केला की सगळं ठीक वाटतं, त्यामुळे कारण सापडत नाही.

याच्या उलटही घडतं. प्रोसेसर किंवा रॅम अस्थिर असेल तर प्रोग्राम क्रॅश होऊ लागतात, आणि चोवीस तास पार्श्वभूमीत चालणारं कंट्रोल सॉफ्टवेअर त्यात आधी सापडतं. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी घटनांचा क्रम शोधायचा.

आधी काय झालं ते शोधा

स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' टाइप करा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. तारखेनुसार लाल फुल्या दिसतील. प्रत्येक फुलीवर क्लिक केलं की कुठला प्रोग्राम कधी बंद पडला ते समजतं. इथे पहिला निवाडा करता येतो. प्रत्येक वेळी तेच एक सॉफ्टवेअर पडत असेल तर दोष बहुधा त्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये आहे. आज ब्राउझर, उद्या गेम, परवा विंडोजचाच एखादा भाग असं काहीही पडत असेल, तर सॉफ्टवेअर काढून टाकण्यात वेळ घालवू नका. प्रोसेसर, रॅम किंवा वीजपुरवठ्याकडे बघा.

मग इव्हेंट व्ह्यूअर. विंडोज लॉग्जमधल्या 'सिस्टम' भागात चार नोंदी शोधायच्या. कर्नल-पॉवर ४१ म्हणजे पीसी रीतसर बंद न होता एकदम गेला. ही नोंद कारण सांगत नाही, फक्त घटना सांगते; लाइट गेली तरी तीच येते. कर्नल-प्रोसेसर-पॉवर ३७ म्हणजे फर्मवेअरने (बोर्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरने) प्रोसेसरचा वेग दाबून धरला आहे. ही नोंद तापण्याच्या वेळेशी जुळली तर फार बोलकी असते. डब्ल्यूएचईए-लॉगरच्या १८ किंवा १९ क्रमांकाच्या नोंदी म्हणजे हार्डवेअरनेच चूक नोंदवली आहे, आणि त्या दिसल्यावर ओव्हरक्लॉक आणि एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) आधी बंद करायचं.

तिसरी आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे स्वतःची नोंद. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर 'सेन्सर्स ओन्ली' मोडमध्ये उघडा, खालच्या पट्टीतलं लॉगिंगचं बटण दाबा, फाइल कुठे ठेवायची ते सांगा आणि नेहमीचं काम किंवा गेम सुरू करा. त्रास झाला की फाइल एक्सेलमध्ये उघडा. तीन स्तंभ पुरेत: प्रोसेसरचं तापमान, प्रोसेसरच्या पंख्याचा वेग आणि प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग (क्लॉक स्पीड). तापमान चढतंय आणि पंख्याचा आकडा मात्र एका जागी खिळलाय, असं दिसलं तर ताबा घेतलेलं सॉफ्टवेअर अडकलं आहे. पंखा पूर्ण वेगाने फिरतोय आणि तरी तापमान कमाल मर्यादेला टेकलंय, तर दोष कूलर, पेस्ट, हवा किंवा वॉटच्या मर्यादेत आहे. पुढे कुठल्या टप्प्यावर जायचं ते ही एक फाइल ठरवते, म्हणून ती टाळू नका.

एका वेळी एकच मॉनिटर

तापमान बघण्यासाठी लोक तीन-तीन सॉफ्टवेअर एकत्र चालवतात. हे स्वतःच क्रॅशचं मोठं कारण आहे. सुपर आयओ चिप, एसएमबस (बोर्डावरच्या चिप एकमेकींशी बोलतात ती वाट) आणि काही बोर्डांवरचा एम्बेडेड कंट्रोलर (पंखे वगैरे सांभाळणारी वेगळी छोटी चिप) यांच्याशी एका वेळी एकानेच बोलायचं असतं. त्यासाठी प्रोग्रामनी आपसात पाळायचं एक सामायिक कुलूप असतं. ते सगळेच पाळतात असं नाही. एकाने अर्धवट वाचन केलं आणि मध्येच दुसरा घुसला, की पंख्याचा वेग क्षणभर शून्य दिसतो, तापमान अचानक वेडंवाकडं येतं, रॅमचे दिवे गोठतात आणि कधी कधी सॉफ्टवेअर पडतं. त्या शून्यावर किंवा वेड्या आकड्यावर विसंबून पंखे चालवणारं सॉफ्टवेअर पंखे एकदम पूर्ण वेगाने सोडतं किंवा थांबवतं. तेव्हा तपासणीच्या काळात एचडब्ल्यूइन्फो सोडून बाकी सगळे मॉनिटर बंद. टास्कबारच्या कोपऱ्यातल्या छोट्या चिन्हांतूनही त्यांना बाहेर काढा.

आकडा खरा आहे का, हेही बघा. 'ऑक्सटिन' नावाची ओळ ११५ अंश दाखवत असेल तर घाबरू नका. ज्या पिनेला सेन्सरच जोडलेला नाही तिचं ते निरर्थक वाचन असतं. इंटेलसाठी 'सीपीयू पॅकेज' आणि एएमडीसाठी 'टीसीटीएल/टीडाय' ही ओळ धरायची. रायझनच्या पहिल्या पिढीतल्या १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांचं टीसीटीएल वाचन खऱ्या तापमानापेक्षा २० अंशांनी जास्त येतं, तशी रचनाच होती. जुना पीसी वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

किती तापमान म्हणजे जास्त?

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या के-मालिकेची कमाल मर्यादा १०० अंश आहे. रायझन ७०००च्या एक्स प्रोसेसरांची ९५, तर ७८००एक्स३डीची ८९. ९५ अंश ऐकून छातीत धस्स होतं, पण रायझन ७९५०एक्ससारखा प्रोसेसर रेंडरिंगच्या पूर्ण भारावर ९५ला टेकून जास्तीत जास्त वेग काढतो, आणि त्याची आखणीच तशी आहे असं एएमडीने २०२२मध्ये सांगितलं होतं. चिंता कधी करायची? साध्या गेममध्येही तेवढंच तापमान येत असेल तेव्हा. नुसत्या डेस्कटॉपवर बसून ७० अंश असेल तेव्हा. आणि एचडब्ल्यूइन्फोतली थर्मल थ्रॉटलिंगची (तापल्यामुळे वेग कमी होण्याची) ओळ 'यस' दाखवत असताना घड्याळाचा वेग प्रोसेसरच्या बेस क्लॉकच्याही खाली जात असेल तेव्हा.

आता खोलीचं तापमान. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोन्हींमधला फरक कमी ठेवतो. भार आणि पंख्याचा वेग तोच असेल तर खोली जेवढे अंश चढते, साधारण तेवढेच अंश प्रोसेसर चढतो. जानेवारीत पुण्यात २२ अंशांच्या खोलीत ७२ दाखवणारा पीसी मे महिन्यात अकोल्यात ३८ अंशांच्या खोलीत ८८ दाखवणार. त्यात काही बिघडलेलं नाही. म्हणून कुठलंही तापमान लिहून ठेवताना शेजारी खोलीचं तापमान लिहा, नाहीतर डिसेंबरमधल्या आकड्याशी मेमधला आकडा ताडून तुम्ही विनाकारण कूलर बदलाल. परदेशी चाचण्यांतले आकडे बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीतले असतात. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या उन्हाळ्यासाठी कूलर निवडताना हा फरक त्यात मिळवावाच लागतो.

विदर्भात डेझर्ट कूलरसमोर पीसी ठेवायची सवय दिसते. हवा थंड लागते हे खरं, पण तिच्यात ओलावा आणि पाण्याचे बारीक तुषार असतात, पाणी जड असेल तर क्षारही. पीसी त्या झोताच्या थेट रेषेत नको. खोली थंड होऊ द्या, तेवढं पुरतं. आणि आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांत 'सीपीयू ठेवायचा' जो बंद कप्पा असतो, तो आजच्या प्रोसेसरांसाठी भट्टी आहे. मागची गरम हवा तिथेच कोंडते आणि पुढून पुन्हा आत ओढली जाते. कॅबिनेट त्यातून बाहेर काढणं हा फुकटातला सगळ्यात चांगला इलाज आहे.

पंख्यांचा ताबा बायोसकडे

लॉग काहीही सांगो, हा टप्पा सगळ्यांनी करावा. कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये पंख्यांचा भाग असेल तर तो 'डिफॉल्ट' किंवा 'बायोस' वर ठेवा, शक्य असेल तर तो भागच काढून टाका, आणि पीसी रीस्टार्ट करा. शटडाउन नाही, रीस्टार्टच. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करताना कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. आसुसच्या बोर्डावर क्यू-फॅन, गिगाबाइटवर स्मार्ट फॅन आणि एमएसआयवर हार्डवेअर मॉनिटर या नावाने पंख्यांचं पान असतं. आधी मोड बघा: चार पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर (वेगाचा वेगळा संकेत पाठवून) आणि तीन पिनांचा डीसीवर (व्होल्टेज कमी-जास्त करून). मोड चुकला तर तीन पिनांचा पंखा कायम पूर्ण वेगाने फिरतो. मग आलेख द्या. हवेच्या कूलरसाठी मी इथून सुरुवात करायला सांगेन: ४० अंशांना ३० टक्के, ६०ला ४५, ७५ला ७० आणि ८५ला १००. उन्हाळा कडक असलेल्या गावात मधले दोन बिंदू पाच-दहा टक्क्यांनी वर घ्या. आधुनिक प्रोसेसर एखादी खिडकी उघडली तरी क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतो, त्यामुळे पंखा दर दोन सेकंदांनी घोंघावतो. त्यासाठी 'स्टेप अप', 'स्टेप डाउन' किंवा 'स्मूदिंग' या नावाची सोय असते. तिथे तीन ते पाच सेकंद ठेवा.

पाण्याचा कूलर असेल तर पंपाला हा आलेख लावू नका. पंप कायम १०० टक्क्यांवर, आणि आलेख फक्त रॅडिएटरच्या (पाणी थंड करणाऱ्या जाळीच्या) पंख्यांना. पंप कुठल्या पिनेला जोडलाय ते उघडून बघा. 'एआयओ पंप' लिहिलेली पिन असेल तर ती वापरा. 'सीपीयू फॅन' पिन रिकामी राहिली तर काही बोर्ड सुरू होतानाच 'सीपीयू फॅन एरर' दाखवून थांबतात, तेव्हा तिथे रॅडिएटरचा एक पंखा जोडा. काही कूलर पंप आणि पंखे यूएसबीवरून स्वतःच्या कंट्रोलरने चालवतात. त्यांच्यात सेटिंग कूलरच्याच मेमरीत साठवायची सोय आहे का बघा. ती असली, तर एकदा साठवल्यावर सॉफ्टवेअर चालू नसलं तरी चालतं.

गेमिंग लॅपटॉपवर यातलं बरंचसं करता येत नाही. तिथे पंखे एम्बेडेड कंट्रोलर चालवतो, आणि कंपनीचं सॉफ्टवेअर फक्त सायलेंट, बॅलन्स्ड, टर्बो असे मोड बदलतं. हाच बदल बहुधा एफएन बटणासोबत एखादी कळ दाबूनही होतो. सॉफ्टवेअर क्रॅश होत असेल तर त्या कळेवर भिस्त ठेवा.

सॉफ्टवेअर का पडतं, आणि साफ कसं करायचं

विंडोजमधल्या साध्या प्रोग्रामला हार्डवेअरला थेट हात लावता येत नाही. त्यासाठी कर्नलमध्ये चालणारा ड्रायव्हर लागतो. अनेक मोफत आणि व्यावसायिक सॉफ्टवेअरनी वर्षानुवर्षं विनरिंग० नावाचा एकच जुना ड्रायव्हर वापरला. तो जो मागेल त्याला मेमरी आणि पोर्टचं दार उघडून देतो, म्हणजे व्हायरसलासुद्धा. ही त्रुटी सीव्हीई-२०२०-१४९७९ या क्रमांकाने नोंदलेली आहे. मार्च २०२५पासून विंडोज डिफेंडर हा ड्रायव्हर पकडून क्वारंटाइनमध्ये टाकू लागला, आणि फॅनकंट्रोल, लिब्रेहार्डवेअरमॉनिटर, ओपनआरजीबी अशी सॉफ्टवेअर एका रात्रीत अनेकांच्या पीसीवर आंधळी झाली. तापमान दिसेना, पंखे हलेनात.

तुमचं सॉफ्टवेअर असंच काल चालू आणि आज बंद झालं असेल, तर विंडोज सिक्युरिटी उघडून 'प्रोटेक्शन हिस्टरी' बघा. विनरिंग० हे नाव तिथे दिसलं तर उपाय म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. लिब्रेहार्डवेअरमॉनिटर आणि फॅनकंट्रोल आता पॉनआयओ हा वेगळा ड्रायव्हर वापरतात. डिफेंडरला अपवाद सांगून जुना ड्रायव्हर परत चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका. गिगाबाइटच्या अशाच एका जुन्या ड्रायव्हरचा वापर करून रॉबिनहूड या रॅन्समवेअरने अँटिव्हायरस बंद पाडले होते. धोका खराखुरा आहे. 'कोअर आयसोलेशन'मधली 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करण्याचा सल्लाही याच जातीचा. उलट त्या पानावर न जुळणाऱ्या ड्रायव्हरांची यादी मिळते, ती वाचा. जुन्या कंट्रोल सॉफ्टवेअरचा उरलेला ड्रायव्हर तिथे नावानिशी सापडतो.

ड्रायव्हर ठीक असूनही सॉफ्टवेअर पडत असेल तर पूर्ण साफसफाई करायची, आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बायोसमध्ये जाऊन ऑटो-इन्स्टॉल बंद करा. आसुसच्या बोर्डावर 'टूल' पानात आर्मरी क्रेट डाउनलोड करण्याचा पर्याय असतो, गिगाबाइटवर 'युटिलिटीज डाउनलोडर', एमएसआयवर 'ड्रायव्हर युटिलिटी इन्स्टॉलर'. हे चालू राहिलं तर सॉफ्टवेअर काढल्यावरही विंडोजमध्ये ते पुन्हा टाकायची सूचना येत राहते. त्यानंतर सॉफ्टवेअर काढा. कंपनीने स्वतंत्र अनइन्स्टॉल टूल दिलं असेल तर तेच वापरा. आर्मरी क्रेटसाठी आसुसने ते दिलेलं आहे. कंट्रोल पॅनेलमधून काढलं तर मुख्य खिडकी जाते, पण दिव्यांच्या, अपडेटच्या, सेन्सरच्या सर्व्हिसेस अनेकदा मागे राहतात. रीस्टार्ट करून 'सर्व्हिसेस' उघडा आणि कंपनीच्या नावाचं काही उरलंय का बघा.

काही उरलं असेल, किंवा नेमकं कोण भांडतंय ते समजत नसेल, तर क्लीन बूट करा, म्हणजे बाहेरच्या सर्व्हिसेस बंद ठेवून विंडोज सुरू करा. एमएसकॉन्फिग उघडा, सर्व्हिसेसच्या पानावर आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' वर खूण करा, मगच बाकीच्या बंद करा. ती खूण विसरलात तर विंडोजच्याच सेवा बंद होऊन नवाच घोळ होतो. पीसी स्थिर झाला की अर्ध्या-अर्ध्या सर्व्हिसेस परत चालू करत दोषी शोधायचा.

इव्हेंट व्ह्यूअरच्या 'ॲप्लिकेशन' भागात क्रॅशच्या वेळी डॉट नेट रनटाइमची १०२६ क्रमांकाची नोंद असेल, किंवा व्हिज्युअल सी++च्या एखाद्या फाइलचं नाव असेल, तर ते रनटाइम (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या सामायिक फाइली) मायक्रोसॉफ्टकडून घेऊन नव्याने टाका; व्हिज्युअल सी++चे ३२ आणि ६४ बिट असे दोन्ही लागतात. विंडोजच्याच फाइल खराब असल्याचा संशय असेल तर ॲडमिन टर्मिनलमध्ये आधी डीआयएसएमची रिस्टोअरहेल्थ आज्ञा आणि मग एसएफसी स्कॅननाऊ, याच क्रमाने.

शेवटी स्वतःला एक प्रश्न विचारा: हे सॉफ्टवेअर परत हवंय कशाला? पंखे बायोस बघतोय, तापमान एचडब्ल्यूइन्फो दाखवतंय. उरले दिवे. विंडोज ११मध्ये सप्टेंबर २०२३च्या अपडेटपासून डायनॅमिक लायटिंग आलंय, आणि तुमचा कीबोर्ड किंवा बोर्ड त्याला साथ देत असेल तर दिव्यांसाठीही वेगळं काही लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ज्या सॉफ्टवेअरला दर महिन्याला अपडेट लागतं, त्याच्या हाती प्रोसेसर थंड ठेवायचं काम कधीही देऊ नये.

तरीही तापतो? मग कॅबिनेट उघडा

उघडण्याआधी तापमान कसं चढतं ते बघा, त्यातून निम्मं निदान होतं. सिनेबेंच ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी सुरू केल्यावर दोन-तीन सेकंदांतच मर्यादा गाठली तर उष्णता प्रोसेसरवरून कूलरपर्यंतच पोचत नाहीये: पेस्ट सुकलीय, कूलर तिरका बसलाय, किंवा तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढलीच नाही. ही फिल्म विसरणं वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त घडतं. दहा-पंधरा मिनिटं घेत हळूहळू चढलं तर कूलर ठीक आहे, कॅबिनेटमधली हवा बदलत नाहीये. मग बाजूची काच काढून तीच चाचणी पुन्हा करा. पाच अंशांहून जास्त फरक पडला तर पंख्यांची दिशा आणि पुढची जाळी तपासा. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात तिकडून हवा बाहेर पडते.

पाण्याच्या कूलरमध्ये भार देऊन दोन्ही नळ्यांना हात लावा. प्रोसेसरजवळचा भाग कडक तापलाय आणि रॅडिएटर थंडगार आहे, म्हणजे पाणी फिरत नाहीये. पंप बंद पडलाय किंवा आत गाळ अडकलाय. तो कूलर दुरुस्त करत बसू नका, बदला.

धूळ ब्लोअरने उडवताना पीसीची वायर काढलेली हवी आणि पंख्याची पाती बोटाने धरलेली हवीत. मोकळा पंखा झोताने मर्यादेपलीकडे फिरून बेअरिंग खराब होतं. पेस्ट बदलायची असेल तर एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) एक काळजी घ्या: आधी पाच-दहा मिनिटं पीसी चालवून प्रोसेसर कोमट करा, बंद करून वायर काढा, आणि कूलर सरळ न उचलता हळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सुकलेल्या पेस्टने कूलरसोबत प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मध्यभागी वाटाण्याएवढी नवी लावा आणि स्क्रू तिरक्या जोडीने, थोडे थोडे आवळा. एक कोपरा आधी पूर्ण आवळला तर कूलर तिरका बसतो आणि सगळी मेहनत वाया जाते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये प्रोसेसर दाबामुळे किंचित वाकतो. त्यासाठी मिळणारी कॉन्टॅक्ट फ्रेम काही अंश वाचवते, पण ती बसवणं नवख्याचं काम नाही.

वॉट कमी करा

कूलर चांगला, पेस्ट नवी, हवा मोकळी, तरी मेमध्ये तापतोच, असं असेल तर प्रोसेसर खातो किती ते बघा. अनेक बोर्ड मूळच्या सेटिंगमध्ये इंटेलच्या मर्यादा उघड्या सोडून देत असत. १४९००केसाठी इंटेलची मर्यादा २५३ वॉट आहे. बायोसमध्ये 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' हे प्रोफाइल निवडा. एएमडीवर इको मोड आहे. ७९५०एक्स मुळात २३० वॉटपर्यंत जातो. १०५ वॉटच्या इको मोडमध्ये ही मर्यादा १४२ वॉटवर येते आणि ६५ वॉटच्या मोडमध्ये ८८वर. गेममध्ये याचा फरक फार जाणवत नाही, रेंडरिंगमध्ये थोडा जाणवतो, आणि तापमान मात्र ठळकपणे उतरतं. उन्हाळ्याचे तीन महिने इको मोड आणि पावसाळा लागला की पूर्ववत, ही पद्धत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

इंटेल १३वी आणि १४वी पिढी असेल तर

या दोन पिढ्यांच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये, विशेषतः आय७ आणि आय९मध्ये, प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असे आणि त्याने हळूहळू कायमचा बिघाड होत असे. लक्षणं सॉफ्टवेअरच्या दोषासारखीच: प्रोग्राम विनाकारण पडणं, गेम शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असं सांगून बंद होणं. इंटेलने ऑगस्ट २०२४मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिले, मे २०२५मध्ये ०एक्स१२एफ. ते बायोस अपडेटमधून येतात. आवृत्ती एचडब्ल्यूइन्फोच्या मुख्य खिडकीत प्रोसेसरखाली दिसते. अपडेटने पुढचं नुकसान टळतं. झालेलं भरून निघत नाही.

बायोस अपडेट करताना पीसी यूपीएसवर हवा. मध्येच लाइट गेली तर बोर्ड सुरूच होत नाही, आणि तो परत उठवायला बायोस फ्लॅशबॅकचं बटण सगळ्या बोर्डांवर नसतं. अपडेटनंतर पंख्यांचा आलेख, पंपाचा १०० टक्के वेग, इको मोड, ऑटो-इन्स्टॉल बंद केलेलं, सगळं मूळ स्थितीला जातं. आधीच मोबाइलवर त्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि अपडेट होताच परत भरा.

शेवटची चाचणी

खोलीचं तापमान लिहा. एचडब्ल्यूइन्फोचं लॉगिंग चालू करून सिनेबेंच दहा मिनिटं, मग नेहमीचा गेम तासभर. त्यानंतर पीसी स्लीपमध्ये टाकून उठवा आणि पुन्हा दहा मिनिटं भार द्या. ताबा अडकण्याचा दोष स्लीपमधून उठल्यावर जास्त दिसतो. जुन्या लॉगशेजारी नवा लॉग ठेवून बघा. पंख्याचा वेग तापमानामागे चढत-उतरत असेल, डब्ल्यूएचईएची नवी नोंद नसेल आणि रिलायबिलिटी हिस्टरीत आठवडाभर लाल फुली आली नाही, तर एक्सएमपी किंवा एक्स्पो परत चालू करून तीच चाचणी एकदा घ्या.

एक्सएमपी बंद, सगळं मूळ सेटिंगवर, तापमान ७०च्या आत आणि तरी वेगवेगळे प्रोग्राम पडतायत? मेमटेस्ट८६ने रॅम रात्रभर तपासा. रॅम निर्दोष निघाली तर प्रोसेसर वॉरंटीत द्या. १३व्या आणि १४व्या पिढीच्या बाधित डेस्कटॉप प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलने २०२४मध्ये दोन वर्षांनी वाढवली. बॉक्समधून घेतलेल्यांना ती एकूण पाच वर्षांची आहे, तयार पीसीसोबत आलेला असेल तर पीसीच्या कंपनीकडे जावं लागतं. दावा करताना बिल, बॉक्सवरचा आणि प्रोसेसरवरचा सीरियल नंबर, मायक्रोकोड दाखवणारा स्क्रीनशॉट, डब्ल्यूएचईएच्या नोंदी आणि दोन्ही लॉग फाइल एकत्र पाठवा.